शेड, मशीन आणि एंडमिलचा डबा

मी, धर्मा बुधाजी थळे, वय वर्षे एकोणसत्तर, पूर्वीचा धंदा टर्नर, सध्याचा धंदा हट्टीपणा (हा शब्द माझ्या धाकट्या मुलाचा, मुद्दाम घेतला आहे), राहणार नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. लिहिताना मी रागात आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणायचा प्रयत्न झाला होता, तो कोणी केला ते पुढे येईलच.

माझी मती शाबूत असल्याचा दाखला डॉ. शुभम वर्तक यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी विचारले, काका, दोनशेतून सतरा गेले, उरले किती? मी म्हटले, एकशे त्र्याऐंशी. मग मी त्यांना विचारले, डॉक्टर, नारळाच्या लाकडात अक्षर कोरायचे तर एंडमिल, म्हणजे कोरायचे हत्यार, किती धारांची घ्याल? त्यांना सांगता आले नाही. तरी दाखल्यावर सही त्यांचीच लागते, असा कायदा आहे.

माझी पत्नी कृष्णाबाई वारल्यावर, सन २०१८ मध्ये, मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे दोन मुलांना अर्धे-अर्धे होते. ते मी या लेखाने रद्द करतो. त्यातला एक वारस, माझा थोरला दिपेश, सन २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने गेला. छत्तीस वर्षांचा होता. त्याच्यामागे त्याची पत्नी अमिषा आणि मुलगी प्राप्ती माझ्या घरात आहेत. धाकटा प्रज्योत, तोही माझ्या घरातच आहे आणि घराच्या पुढच्या भागात होमस्टे चालवतो. माझे कुटुंब ते एवढेच.

वकील मृणालीताईंनी मला छापील नमुना दिला होता. मोकळ्या जागा भरा, काका, आणि बाकी काही लिहू नका, असे त्यांनी बजावले. मी म्हटले, ताई, मरणार मी, कागद माझा, मग कारणे कोण लिहिणार? त्या हसल्या आणि म्हणाल्या, लिहा, पण कलमे तरी घाला. म्हणून कलमे घालत आहे.

कलम एक. मी गेल्यावर नाक्यावर माझा फ्लेक्स लावू नये. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून खाली बारा जणांचे चेहरे छापायचे, आणि मधला मेलेला माणूस त्यांच्यापेक्षा लहान, हा प्रकार मला जिवंतपणी आवडला नाही. मेल्यावर आवडेल असे वाटत नाही.

कलम दोन. राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. पुढच्या तीन खोल्या, जिथे होमस्टे चालतो, त्या प्रज्योतला. मागच्या दोन खोल्या आणि माजघर नात प्राप्तीला. ती सज्ञान होईपर्यंत त्यांची व्यवस्था अमिषाने पाहावी. स्वयंपाकघर दोघांचे सामाईक राहील, पण पाहुण्यांचा स्वयंपाक अमिषाने करायचा नाही. ही अट आहे, विनंती नाही. गेली चार वर्षे शनिवार-रविवारी या बाईने मुंबईच्या पाहुण्यांसाठी साठ-साठ तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुरमई तळली, चादरी धुतल्या. पाहुणे जाताना म्हणतात, व्वा, काय घरगुती चव! आणि श्रेय घेतो प्रज्योत. आणखी चार पाहुणे वाढले की त्याचे ठरलेले उत्तर: “वहिनी हाय ना!” हे तीन शब्द या घरात यापुढे बोलायला मी बंदी घालतो. असे काही मृत्युपत्रात घालता येत नाही, असे मृणालीताई म्हणतात. मी घातले आहे.

कलम तीन. बँकेतील ठेव प्राप्तीच्या शिक्षणासाठी. वडिलोपार्जित वाडीतला माझा हिस्सा प्रज्योत आणि प्राप्ती यांना समान.

कलम चार. माझा व्हर्निअर आणि मायक्रोमीटर प्राप्तीला. ती दहा वर्षांची आहे आणि आत्ताच पेन्सिल, केस, चपातीची जाडी असे सगळे मोजून वहीत लिहिते. भागोजी साळवी, माझ्याबरोबर बत्तीस वर्षे एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलेला माझा मित्र, याला माझा ग्राइंडर द्यायचा होता. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाईंचे मत आहे. त्याला हे कळल्यावर वाईट वाटले. वाटू दे. मी कोरायचे मशीन आणले त्या दिवशी तो फाटकात उभा राहून हसला होता.

कलम पाच. एंडमिलचा डबा. हे कलम मोठे आहे, वाचणाऱ्याने चहा घेऊन बसावे.

सन २०२२ मध्ये मी एक छोटे सीएनसी मशीन घेतले. टेबलावर मावते. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचे, की मशीन ते लाकडावर कोरते. कोरणारे जे हत्यार असते, त्याला एंडमिल म्हणतात. दिसायला ड्रिलसारखे, पण ड्रिल सरळ खाली जाते आणि ही बाजूनेही कापते. मशीन घेतल्याचे कारण सोपे होते. सन २०२०च्या वादळात वाडीतली अकरा नारळाची झाडे पडली. ते ओंडके शेडमध्ये पडून होते. दिपेश गेल्यावर मला घरात बसवत नव्हते. प्रज्योत म्हणाला, पप्पा, टेन्शन नाय घ्यायचा, आराम करायचा. आराम करून माणूस मरतो, हे मी वर्कशॉपमधले सात जण निवृत्त झाल्यावर पाहिले आहे. भागोजी म्हणाला, “आयुष्यभर लोखंड सोललंस नि आता खेळणं घेतलंस?” मी म्हटले, बघच तू.

आणि मग मी माती खाल्ली. ती कशी, ते सगळे सांगतो.

बत्तीस वर्षे लेथ चालवणाऱ्याला कोण शिकवणार, या ताठ्यात मी मुंबईला नागदेवीच्या हत्यारबाजारात गेलो आणि तेथून आठ एंडमिल आणल्या. बारा मिलिमीटरच्या, चार धारांच्या, एकेक अशी की हातात घेतली तर जीव सुखावतो. घरी येऊन बघतो तर माझ्या मशीनच्या चिमट्यात, म्हणजे कोलेटमध्ये, जेमतेम तीन मिलिमीटरची दांडी जाते. मी आठही एंडमिल टेबलावर मांडून त्यांच्याकडे बघत बसलो. अमिषा चहा घेऊन आली. तिने एकदा टेबलाकडे पाहिले, एकदा मशीनकडे, आणि म्हणाली, “बाबा, हा हत्ती या दारातून नेणार कसा?”

मी तिला म्हटले, तू चहा ठेव आणि जा.

दुसऱ्यांदा बारीक दांडीच्या आणल्या. पण पुन्हा चार धारांच्याच, कारण लोखंडाच्या कामात धारा जास्त तर काम गुळगुळीत, हे माझ्या हाडात मुरलेले. आणि चाल ठेवली एकदम हळू, कारण लोखंडात घाई केली की हत्यार जाते, हेही मुरलेले. पहिली पाटी कोरायला घेतली, ‘नागाव’. ‘ना’ होईपर्यंत शेडमध्ये धूर. अक्षर कोळशासारखे काळे आणि एंडमिल निळी पडलेली. चूक मशीनची म्हणून मी मशीनला शिव्या घातल्या.

अमिषा दारात उभी होती. म्हणाली, “बाबा, दात जास्त म्हणजे चांगलं असं नाय. मधे जागाच नाय उरली तर भुसा निघणार कुठून? तो तिथंच घासतो नि जळतो. दोन धारांची लावा नि चाल वाढवा.”

मी विचारले, तुला कोणी सांगितले?

“वाचलं. आणि बघितलं. पीठ पडतंय भुशाचं. पीठ पडलं म्हणजे ती कापत नाय, घासतेय.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा मी बोललो. म्हणालो, मी लेथवर होतो तेव्हा तू जन्मली नव्हतीस. चार दिवसांनी मी डोळे दाखवायला अलिबागला गेलो होतो. परत आलो तर टेबलावर पाटी. ‘नागाव’, तीनच अक्षरे, पण स्वच्छ, काठ न जळलेले. खाली भुसा कुरमुऱ्यांसारखा, जाड जाड. तिने दोन धारांची एक एंडमिल स्वतः मागवली होती आणि माझ्या परवानगीशिवाय मशीन चालवले होते. मी पाटी उलटीसुलटी करून बघितली, चूक शोधली, सापडली नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूक नाही असे सांगितले, ते खोटे होते.

तिसरी गोष्ट. नारळाचे लाकूड हे लाकूड नव्हेच, ते धाग्यांचा जुडगा आहे. बाहेरून दगड, आतून कापूस. साधी एंडमिल भुसा वर ओढते, तिच्याबरोबर धागेही वर येतात आणि अक्षराच्या काठाला दाढी फुटते. मी सँडपेपर घेऊन ती दाढी करत बसायचो. खाली दाबणारी एंडमिलही मिळते, डाउनकट, तिने वरचा काठ सुरीने कापल्यासारखा येतो, हे अमिषाने शोधले. मात्र ती भुसा खाली दाबते, म्हणून तिने खोल जायचे नाही, थोडे थोडे घ्यायचे. हे मी शोधले. हे माझे आहे, इथे नोंद असावी.

चौथी गोष्ट सांगायची लाज वाटते, म्हणून आधी सांगतो की लाज वाटते. एका दुपारी पाटी चालू असताना टक् असा आवाज आला आणि एंडमिलचे टोक उडून पत्र्यावर आपटले. अमिषाने चष्मा घातला होता म्हणून तिचा डोळा वाचला. मी ओरडलो, फळी नीट आवळली नाहीस! ती पटाशी घेऊन लाकूड उकरत बसली आणि दहा मिनिटांनी माझ्या तळहातावर एक खिळा ठेवला. डोके गंजून गळालेले, अंग आत शाबूत. आता, नारळाच्या खोडाला आपण सगळेच पत्र्याचा पट्टा मारतो, उंदीर वर जाऊन शहाळी फोडू नयेत म्हणून. पत्रा गंजून जातो, खिळे आत राहतात. अकरा झाडांचे पट्टे कोणी मारले होते? मी. खिळे कुठून आणले होते? कारखान्याच्या स्टोअरमधून, न विचारता. वीस वर्षांनी माझाच चोरीचा खिळा माझ्या सुनेच्या डोळ्यापर्यंत आला होता. मी तिची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढून आणले आणि म्हटले, यापुढे प्रत्येक फळीवरून हे फिरवायचे. तिने ते घेतले. आमच्यात माफी अशीच चालते.

आता जो कोणी नवशिका हे वाचेल त्याच्यासाठी. वारस नसलास तरी वाच. चाळीस एंडमिलचा रंगीत डबा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नकोस, त्यातल्या तीन वापरशील आणि बाकीच्या गंजतील, आपल्याकडची खारी हवा कोणाला सोडत नाही. पहिल्यांदा तीनच घे: एक सपाट तोंडाची दोन धारांची, एक गोल तोंडाची, आणि अक्षरांसाठी एक टोकदार. आपल्या मशीनचा कोलेट किती दांडी घेतो ते आधी बघ. लांब एंडमिल ऐटदार दिसते पण ती थरथरते. काम होईल तेवढी आखूड घे. कार्बाइडची, म्हणजे फार कडक मालाची, धार टिकते, पण ती जमिनीवर पडली तर काचेसारखी फुटते, तेव्हा खाली गोणपाट अंथर. आणि कान उघडे ठेव. बरोबर कापताना ती गुणगुणते, चुकत असेल तर किंचाळते. किंचाळायला लागली की बंद कर, माझ्यासारखा तिच्यावर ओरडू नकोस.

आज नागाव ते चौल, प्रत्येक गल्लीत होमस्टे आहे आणि त्यातल्या निम्म्यांच्या दारावर आमच्या शेडमधली नारळाच्या लाकडाची पाटी आहे. दिवेआगरहून लोक वादळातले ओंडके टेम्पोत घालून पाठवतात. अक्षरे अमिषा काढते. मी लाकूड निवडतो, चुंबक फिरवतो आणि बडबड करतो.

एंडमिलचा डबा, चांगल्या आणि मोडक्या सगळ्यांसह, अमिषाला. नागदेवीच्या त्या आठ बारा-मिलिमीटरवाल्याही तिलाच. तिने त्या विकू नयेत. अंगात ताठा चढला की काढून बघाव्यात. तिला ताठा नाही, पण प्राप्तीला माझा आला असेल.

कलम सहा. शेड. घरामागे दोन गुंठे जागा मी माझ्या फंडातून घेतली, त्यावर पत्र्याची शेड आणि आत मशीन. ही जागा वडिलोपार्जित नाही, तिच्यावर कोणाचा जन्मतः हक्क नाही.

या जागेवर प्रज्योतला दोन एसी खोल्या बांधायच्या आहेत. गेल्या गणपतीनंतर तो एका ठेकेदाराला घेऊन आला. मशीन चालू होते, अमिषा कामात होती, आणि तो माणूस तिच्या पायांमधून टेप ओढत होता. मी विचारले, हे काय चाललंय? प्रज्योत म्हणाला, “पप्पा, सीझनला पाहुणे परत जातात, माहीत हाय ना? पाट्या काय, कुठूनबी करून घेता येतील.” मी म्हटले, आणि अमिषा? तो तिच्या देखत म्हणाला, “वहिनी काय इथं जन्मभर राहणार हाय?”

मी ठेकेदाराची टेप काढून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे. त्याने येऊन न्यावी.

प्रज्योत वाईट नाही. दिपेशच्या आजारपणात ऑक्सिजनच्या टाकीसाठी तो दोन दिवस पनवेलपर्यंत मोटारसायकलवर फिरला, ते मी विसरलेलो नाही. पण त्याला वाटते, घरातली बाई म्हणजे घराबरोबर आलेले सामान. हे त्याला कोणी शिकवले? मी शिकवले असणार, दुसरे कोण होते शिकवायला.

म्हणून मी असे लिहिले होते: सदर जागा, शेड व मशीन मी माझी सून अमिषा दिपेश थळे हिला देत आहे. त्यापुढे पाच शब्द होते, ते आज खोडले आहेत आणि खाडाखोडीवर सही केली आहे. ते शब्द: ‘ती पुनर्विवाह करीपर्यंत, त्यानंतर प्रज्योतकडे.’ मृणालीताईंच्या जुन्या नमुन्यात सुनांसाठी हे वाक्य असतेच. त्यांनी विचारले होते, काका, ठेवायचे का? आणि मी म्हटले होते, ठेवा.

कलम सात. हे कलम मी फक्त मेल्यावर वाचले जावे म्हणून लिहिले होते.

केतन नाखवा, राहणार रेवदंडा, हा मांडव्याच्या बोटींची इंजिने दुरुस्त करतो. बायको पाच वर्षांपूर्वी वारली, मूल नाही. तो होडीच्या नावाची पाटी करायला आमच्याकडे आला. एका पाटीसाठी माणूस चार वेळा येतो? हा आला. कधी अक्षर मोठे हवे, कधी रंग. मला दिसत होते, मी आंधळा नव्हतो. आणि मला हेही दिसत होते की तो आला की अमिषा हसून बोलते, जे दिपेश गेल्यापासून मी ऐकले नव्हते.

गेल्या फेब्रुवारीत तो आपल्या आत्याला घेऊन, रीतसर, माझ्याकडे आला. अमिषा प्राप्तीच्या शाळेत गेली होती. त्याने नीट, मान खाली घालून विचारले. मी त्या दोघांना पायरीवरच उभे ठेवले. पाणी विचारले नाही. सत्तरीतल्या त्या बाईला उन्हात उभे ठेवून मी म्हणालो, आमच्या घरातली सून आहे, दुकानातला माल नाही. मग जात काढली. म्हणालो, आगऱ्याची सून कोळ्याकडे जात नाही. आमच्या शेजारची निम्मी घरे कोळ्यांच्या पंगतीत जेवलेली, आणि मी हे म्हणालो. आत्या म्हणाली, “चल रे केतन, इथं मानूस नाय घरात.” ते गेले. मी अमिषाला काही सांगितले नाही.

का केले? जातीचे निमित्त होते. खरे कारण, ती गेली तर शेडमध्ये मी एकटा उरेन, याची मला भीती वाटली. एक मुलगा गेला होता. मला आणखी कोणी जायला नको होते. हे कारण आहे, सबब नाही.

कलम आठ. हे आज सकाळी घडले म्हणून जोडत आहे.

साक्षीदार यायचे होते अकराला. साडेनऊला मी कागद घेऊन बसलो होतो आणि कलम सात पुन्हा वाचत होतो. वाचता वाचता मला माझीच चीड आली. मेल्यावर माफी मागायची म्हणजे काय? समोरचा तोंडावर बोलूही शकत नाही, वरून फोटोला हार घालावा लागतो. मी उठलो आणि शेडमध्ये गेलो. अमिषा एका पाटीवर काम करत होती. मी म्हटले, मशीन थांबव, तुला काहीतरी वाचून दाखवायचे आहे. तिने थांबवले, चष्मा कपाळावर सरकवला.

मी कलम सहा वाचले, त्या पाच शब्दांसकट.

ती म्हणाली, “म्हणजे मी लग्न केलं तर शेड जाणार?”

मी म्हटले, तसा रिवाज आहे.

“भावजींनी होमस्टे घेतल्यावर लग्न केलं तर त्यांच्या खोल्या जाणार?”

मी खिशातून पेन काढले आणि तिथेच, मशीनच्या टेबलावर, ते शब्द खोडले. मला वाटले, झाले. मोठा सुधारक झालो मी. मग कलम सात वाचले. पायरी, आत्या, पाणी, जात, सगळे. शेवटपर्यंत वाचले.

ती खाली बघत भुसा बोटाने गोळा करत होती. म्हणाली, “मना म्हाईत हाय, बाबा. त्यानं त्याच दिवशी फोन केला होता.”

नऊ महिने ती मला रोज चहा देत होती आणि तिला माहीत होते. मी खाली बसलो. विचारले, मग तू त्याला काय सांगितलेस?

“‘नाय’ म्हणून सांगितलं. तुमच्यासाठी नाय, गैरसमज नको. तो म्हणाला, चल, माझं घर हाय. चांगला माणूस हाय तो. पण मी तिथं जाऊन काय करणार? परत भाकऱ्याच ना? माझ्या हातात काहीतरी असतं तर मी त्याला बोलले असते की तू ये इकडं, नायतर मी मशीन घेऊन येते तिकडं. पण हे तर तुमचं.”

मी कागद पुढे केला. म्हटले, आता तुझे आहे, शब्द खोडले ना.

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. म्हणाली, “तुम्ही गेल्यावर माझं होणार, बाबा. म्हणजे मी रोज सकाळी तुम्हाला चहा द्यायचा आणि तुम्ही कधी जाता याची वाट बघायची? मना तसं जगायचं नाय.”

मी अडीच तास हा कागद हातात धरून बसलो आहे. साक्षीदार आले, त्यांना ओटीवर बसवले, भागोजीने दोनदा हाका मारल्या. मी मृणालीताईंना फोन केला.

म्हणून लिहून ठेवतो की: कलम सहा मी या मृत्युपत्रातून संपूर्ण काढून टाकत आहे. जागा, शेड, मशीन आणि कलम पाचमधला एंडमिलचा डबा हे सोमवार, दिनांक २४ रोजी अलिबागच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत बक्षीसपत्राने मी अमिषाला जिवंतपणी देणार आहे, कोणत्याही अटीशिवाय. तिने लग्न करावे, न करावे, शेड उचलून रेवदंड्याला न्यावी, माझी त्याला ना नाही, आणि मला ना म्हणायचा हक्कही राहणार नाही. मृणालीताईंनी फोनवर बजावले, काका, बक्षीसपत्र एकदा झाले की परत फिरवता येत नाही. उद्या सुनेने तुम्हाला शेडच्या दारातून आत घेतले नाही तर? मी म्हटले, मग दारात उभा राहीन आणि विचारीन.

विचारलेच. फोन ठेवला आणि अमिषाला म्हटले, मला येऊ देशील ना? ती म्हणाली, “या की. पण एंडमिल लावायच्या आधी मना विचारायचं. आणि चष्मा घालायचा.”

केतनकडे जाऊन बोलणी करू का, असेही विचारले. ती म्हणाली, “माझी बोलणी मी करीन. तुम्ही आत्याची माफी मागा, ते काम तुमचं हाय.” उद्या सकाळच्या गाडीने मी रेवदंड्याला जात आहे. आत्या मला उन्हात पायरीवर उभे ठेवणार, हे मी धरून चाललो आहे. छत्री नेणार नाही.

प्रज्योतला या कागदाला कोर्टात आव्हान द्यावेसे वाटले तर द्यावे. शेड यात नाही, हे त्याने आधी वाचावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, मला समजला आणि मला मान्य आहे. माझ्या दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि त्यांनी माझ्या समोर सह्या केल्या. त्यातला भागोजी या वेळी हसला नाही.

ठिकाण: नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही
धर्मा बुधाजी थळे

साक्षीदार:
१. भागोजी साळवी, निवृत्त टर्नर, राहणार नागाव
२. डॉ. शुभम वर्तक, राहणार अलिबाग

टीप: अमिषाची सही या कागदावर नाही. ती सोमवारी होईल, मालकीण म्हणून, दुसऱ्या कागदावर.